सात देवाचा क्लोरीन

दहावीच्या वर्षी मी एका बाईला रसायनशास्त्र शिकवलं. ती माझ्याहून दुप्पट वयाची होती, आमच्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होती आणि मी शिकवायला बसले तरी हातातलं काम काही सोडायची नाही. मी मूलद्रव्यांच्या संज्ञा म्हणायचे, ती तूर निवडायची. मला राग यायचा. मला तेव्हा कशाचाही राग यायचा. पाचवीपासून वर्गात पहिली येत होते आणि त्यामुळे जगातल्या उरलेल्या माणसांनी माझं नीट ऐकून घ्यावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

एटापल्लीत बाजाराच्या रस्त्यावर अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. पुढे दुकान, मध्ये आमचं घर, मागे आंगण आणि आंगणाच्या टोकाला ती खोली. बाई गोंड होती, दूर जंगलातल्या गावची. नवरा लाकडाच्या डेपोवर कामाला असायचा आणि बाजाराच्या दिवशी तेवढा यायचा. मी तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचे. अम्मीही तिला बाईच म्हणायची, आणि अब्बाही. तिला नाव होतं, पण ते घरात कुणी वापरलं नाही.

गावाच्या कडेला गोंड वस्तीचा जो टोला होता, तिथल्या अंगणवाडीत बाई मदतनीस होती. नऊ वर्षं पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची आणि सगळी पोरं घरोघर पोचवायची. अंगणवाडीची जी सेविका होती ती त्या उन्हाळ्यात काम सोडणार होती. सुपरवायझर मॅडमनी बाईला सांगितलं होतं, दहावी पास असशील तर जागा तुझी, नाहीतर बाहेरची कुणी येईल. म्हणून बाईने आदल्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली. मराठी निघालं, इतिहास निघाला, गणितसुद्धा कसंबसं निघालं. विज्ञान तेवढं राहिलं. आता मार्चमध्ये तिचा तो एकच पेपर होता आणि माझे सगळे.

एकदा मी तिला विचारलं होतं, ‘‘बाई, तुले काऊन बनायचं हाय सेविका? खिचडी तर तशीबी तूच करतं.’’

तिने तुरीचं सूप खाली ठेवलं. ‘‘टोल्यातली पोरं गोंडी बोलतेत. ती बाई मराठीत गाणं म्हणते, पोरं रडतेत. मी मांडीवर घेऊन गोंडीत सांगते, तं चूप होतेत. पण ते माय काम नाई म्हणते. तू खिचडी पाह्य म्हणते.’’

मला न सुचलेलं दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला आवडत नसे. मी म्हटलं, ‘‘ठीक हाय. मी तुले पास करते.’’ जणू काही बोर्ड माझ्या अब्बांनीच शिवलेलं होतं.

विज्ञानात बाईला शरीराचा भाग येत होता. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबरोबर ती लसीकरणाला फिरलेली होती, त्यामुळे रक्त, हाडं, जंत यांत तिला कुणी हरवू शकत नव्हतं. प्रकाश आणि आरसेही ती पाठ करून निभावत होती. बुडाली होती ती रसायनात. ‘‘ते अणू कोणी पाह्यले?’’ हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, कुणी नाही. ‘‘मंग तुया पुस्तकवाल्याले कसं समजलं?’’ मी म्हटलं, ते परीक्षेला नाही.

संक्रांतीनंतर आम्ही सुरुवात केली. वेळ ठरलेली, दुपारी चारची, ती अंगणवाडीतून आणि मी शाळेतून आले की. जागा आंगणातली, अब्बांच्या मशीनचा आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर. पहिले आठ दिवस मी जसं मला शिकवलं गेलं होतं तसंच शिकवलं, म्हणजे वाचून दाखवलं आणि पाठ कर म्हणून सांगितलं. बाईचं पाठांतर चांगलं होतं, पण पाठ केलेलं तिसऱ्या दिवशी तिच्यापाशी सापडत नसे. मी डोक्याला हात लावायचे. ती म्हणायची, ‘‘चिडू नको वो पोट्टी, रक्त आटते.’’

मग आम्ल-आम्लारींचा धडा आला आणि गंमत झाली. मी वाचत होते: लिंबात सायट्रिक आम्ल, चिंचेत टार्टारिक आम्ल, मुंगीत फॉर्मिक आम्ल. बाईने मान वर केली.

‘‘मुंगीत? लाल मुंगीत?’’

‘‘हो.’’

‘‘मंग असं सांग ना. ते तं मले माहीत हाय. चटणी काऊन आंबट लागते मंग?’’

टोल्यातले लोक झाडावरच्या लाल मुंग्यांची चटणी करतात, ते मला माहीत होतं. पण तो धडा वाचताना एकदाही माझ्या डोक्यात ती चटणी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाई मला आंब्याच्या झाडाखाली घेऊन गेली. पानं शिवून केलेलं मुंग्यांचं घरटं खालच्या फांदीलाच होतं. माझ्याजवळ निळ्या लिटमसची एक पट्टी होती. ती मी शाळेतून विचारून आणली होती की न विचारता, हे इथे महत्त्वाचं नाही. बाईने काडीने घरटं डिवचलं, मी पट्टी समोर धरली आणि मुंग्यांनी फवारा मारला. पट्टीवर लाल ठिपके उठले. दोन मुंग्या माझ्या मनगटालाही चावल्या. बाई हसत हसत म्हणाली, ‘‘तू बी लाल झाली.’’

तिथून पुढे पुस्तक मागे पडलं आणि आंगण पुढे आलं. अब्बांच्या पानाच्या डबीतला चुना पाण्यात कालवून आम्ही रात्रभर ठेवला आणि वरची निवळी काढली. पपईच्या पोकळ देठातून बाईने तिच्यात फुंकलं. निवळी दुधासारखी झाली तेव्हा ती स्वतःच घाबरली आणि विचारू लागली, ‘‘माया पोटात असं काय हाय?’’ पळसाच्या फुलांच्या पिवळ्या पाण्यात तोच चुना टाकला की पाणी केशरी व्हायचं. तिच्या गावात होळीचा रंग असाच करायचे, चुना आम्लारी आहे हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. विहिरीत टाकायच्या टीसीएल पावडरीचा वास तिच्या नाकात पक्का बसलेला होता. ‘‘तो क्लोरीन,’’ मी म्हटलं. बाई म्हणाली, ‘‘मंग क्लोरीनशी माही ओळख हाय.’’

खरा तिढा होता तो संयुजेचा. कोणता अणू कोणाशी जुळतो, एकाशी की दोघांशी, आणि का. आमच्या शाळेत हे सरळ पाठ करून घेत. सोडियम एक, मॅग्नेशियम दोन, क्लोरीन एक. मी आंगणात खडूने उभे रकाने आखले आणि बाईला सांगितलं, या रकान्यात ज्यांच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन आहे ते, या रकान्यात दोनवाले, हे तीन, हे चार, हे पाच, हे सहा, हे सात. आठ झाले की घर भरलं, मग कुणाची गरज नाही. एका रकान्यातल्यांचा स्वभाव सारखा.

बाई रकाने बोटाने मोजत गेली. हातातली तूर तशीच.

‘‘आमच्यातबी असंच हाय,’’ ती म्हणाली. ‘‘चार देवाचे, पाच देवाचे, सहा देवाचे, सात देवाचे.’’

आमच्याकडे राहणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. गोंडांची कुळं किती देव पुजतात त्यावरून वाटलेली असतात. एकाच संख्येचे सगळे आपसांत भाऊ. आडनाव वेगळं असो, गाव शंभर कोसांवर असो, सात देवाचा तो सात देवाच्याचा भाऊच. त्यांच्यात सोयरीक होत नाही. मुलगी द्यायची ती दुसऱ्या संख्येच्या घरी.

मी खडू घेऊन भराभरा लिहिलं. कार्बन चार देवाचा. नायट्रोजन पाच. ऑक्सिजन सहा. क्लोरीन सात. माझ्या अंगावर काटा आला, इतकं ते बसत होतं. आणि बाईचा चेहरा तर असा उजळला, जणू कुणीतरी हरवलेला नातेवाईक दारात आलाय.

‘‘माय माहेर सात देवाचं,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे क्लोरीन आमच्या घरचा.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘तुमचे किती देव?’’

‘‘आमचा एकच.’’

‘‘मंग तू सोडियमच्या घरची.’’

दुकानात अब्बा तोंडात टाचण्या धरून सदऱ्याची बाही लावत होते. त्यांनी टाचण्या हातात काढून घेतल्या आणि पोट धरून हसले. त्या दिवसापासून ते मला दोन-तीन महिने सोडियम म्हणत होते. अम्मीला ते पसंत नव्हतं, पण तिला सोडियम म्हणजे काय हे माहीत नसल्यामुळे तिने फार ताणलं नाही.

आता बाईची गाडी अशी सुटली की मलाच मागे धावावं लागलं. सोडियमकडे एक आहे, क्लोरीनला एक कमी आहे, लग्न लागलं, मीठ झालं. मॅग्नेशियमकडे दोन, म्हणून दोन क्लोरीन. पाण्यात ऑक्सिजनला दोन कमी पडतात, म्हणून दोन हायड्रोजन. ‘‘म्हणजे त्यानं दोन केल्या,’’ बाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. येर म्हणजे गोंडीत पाणी. ‘‘येरात सवती हायेत, म्हणूनच एवढं खळखळते.’’ कार्बन चार देवाचा, ऑक्सिजन सहा देवाचा, सोयरीक बरोबर. समीकरण संतुलित करायचं म्हणजे वरातीतली माणसं दोन्ही बाजूंनी मोजायची. लग्न, सोयरीक, वरात, हे शब्द मीच फळ्यावर लिहावेत तसे आंगणात लिहिले. मला वाटलं, हे सगळं मी शोधून काढलंय. शाळेत सरांना मी ही पद्धत सांगितलीसुद्धा, माझी म्हणून. बाईचं नाव घेतलं नाही. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

मार्च लागला. मोहाची फुलं गळू लागली. बाई पहाटे मोह वेचायला जायची, मग अंगणवाडी, मग मी. पेपराला तीन दिवस उरले होते आणि आम्ही उजळणी करत होतो. मी प्रश्न विचारत होते, ती फटाफट उत्तरं देत होती. मला आठवतं, मी अतिशय खूश होते. मग मी पाटीवर दोन क्लोरीन शेजारी शेजारी काढले आणि म्हटलं, ‘‘हा क्लोरीनचा रेणू. याची निर्मिती सांग. हा प्रश्न येतेच.’’

बाईने पाटी पाहिली. मग मला पाहिलं.

‘‘हे नाई होत,’’ ती म्हणाली.

‘‘काय नाई होत?’’

‘‘दोघंबी सात देवाचे. भाऊ-भाऊ हायेत. यायची सोयरीक कशी होईन?’’

मी पुस्तक उघडलं. क्लोरीन वायूचा रेणू दोन अणूंचा असतो असं स्पष्ट छापलेलं होतं. ऑक्सिजनचाही दोनाचा. नायट्रोजनचाही. हायड्रोजनचाही. महिनाभर आम्ही या सगळ्यांवरून धडाधड पुढे गेलो होतो आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझी पद्धत तिथे मोडून पडली होती. एखादीने म्हटलं असतं, थांब, मी विचार करते. मी तशी नव्हते.

‘‘पुस्तकात हाय म्हणून होते,’’ मी म्हटलं.

‘‘असं मी लिहीत नाई.’’

‘‘काऊन नाई लिहीत?’’

‘‘पाप हाय ते.’’

‘‘बाई, हे क्लोरीन हाय! तुयी पंचायत नाई बसणार पेपर तपासाले. जसं पुस्तकात हाय तसं लिही, नाईतर पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भर अन् बस खिचडी शिजवत.’’

आणि मी पाटी आपटली. पाटीचा कोपरा फुटला.  बाईने सूप उचललं, तूर सावरली आणि खोलीत गेली. दार लावलं नाही, नुसतं लोटलं. ते मला जास्त लागलं.

अब्बांचं मशीन थांबलेलं होतं. ते आंगणाच्या दारात आले आणि फुटक्या पाटीकडे बघून म्हणाले, ‘‘बेटा, ती चूक नव्हती बोलत. तू तिला महिनाभर सांगितलं की हे लग्न आहे. लग्नाचे कायदे तिला तुझ्यापेक्षा चांगले माहीत.’’ एवढं बोलून ते परत मशीनवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चारला बाई आंगणात आली नाही. अंगणवाडीतून आली, हात-पाय धुतले आणि खोलीत गेली. तिच्या खोलीतून पुस्तकाची पानं उलटल्याचाही आवाज येत नव्हता. मी आंगणात एकटी बसून आवर्तसारणी पाठ करायचं नाटक करत राहिले. एकदम मनात आलं, ती पेपरलाच गेली नाही तर? माझ्यामुळे गेली नाही तर? नऊ वर्षांची खिचडी, मांडीवर चूप होणारी ती पोरं, आणि त्यांच्या आड मी. मी तेव्हा पहिल्यांदा कुणासाठी तरी घाबरले. स्वतःच्या पेपरची भीती वेगळी असते, ती मला कधी वाटलीच नव्हती.

पेपरच्या आदल्या दिवशी उजाडताच मी पुस्तक काखेत मारून मोहाच्या झाडांकडे निघाले. बाईचं झाड नाल्यापलीकडे होतं. खालचा पालापाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली, आणि तिच्यावर फुलं टपटप पडत होती. बाई उकिडवी बसून वेचत होती. मी तिच्या शेजारी बसले.

‘‘माय चुकलं, बाई,’’ मी म्हटलं.

‘‘वेच,’’ ती म्हणाली.

मी वेचायला लागले. मोहाचं फूल बोटाला चिकटतं आणि त्याच्या गोड वासाने डोकं जड होतं. अर्धी टोपली भरली. मग मी म्हटलं, ‘‘तू पेपरले येशीन ना?’’

‘‘येईन. पण ते दोन क्लोरीनचं सोडून देईन. बाकी लिहीन.’’

‘‘सोडू नको ना. दोन-तीन मार्काचं असते. गेल्या वर्षी किती कमी पडले होते तुले, माहीत हाय ना?’’

‘‘माहीत हाय,’’ ती म्हणाली, आणि पुन्हा वेचू लागली.

नाल्याच्या वाटेने एक बंडी येत होती, शेणखताने भरलेली. दोन भाऊ चालवत होते, एक वर बसलेला, एक बाजूने चालत. बंडीला एक बैल पांढरा आणि एक लाल, पांढरा उंच आणि लाल बुटका. जू एका बाजूला कललेलं. मला हसू आलं. बाईने त्यांना गोंडीत काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं आणि बंडी करकरत पुढे गेली.

‘‘असे कसे बैल जुंपले?’’ मी विचारलं.

‘‘वाटणी झाली त्यायची. एकेक बैल आला दोघायच्या वाट्याले. एका बैलानं बंडी नाई चालत. म्हणून याचा एक, त्याचा एक, अन् जोडी दोघायची. आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. कोणी विचारलं तं हाबी म्हणते माही जोडी, तोबी म्हणते माही जोडी.’’

एवढं बोलून बाई थांबली. तिच्या हातात मूठभर मोह होता. तिने तो टोपलीत टाकला आणि म्हणाली, ‘‘पोट्टी, पुस्तक काढ.’’

मी काढलं.

‘‘त्या दोन भावायचं काय लिवलं हाय, वाच.’’

मी वाचलं. ते वाक्य मला पाठ होतं. मी झोपेतही म्हणू शकले असते. दोन्ही क्लोरीन अणू आपला प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देतात, इलेक्ट्रॉनची ती जोडी दोघांत सामाईक राहते आणि दोघांचंही अष्टक पूर्ण होतं. मी ‘जोडी’ म्हटलं आणि वळून त्या बंडीकडे पाहिलं.

‘‘मंग हे लग्न नाई,’’ बाई म्हणाली. ‘‘हा साझा हाय. सात याचे, सात त्याचे. मधले दोन दोघायचे. हा मोजते तं आठ, तो मोजते तं आठ. भावा-भावात हे चालते. तू लग्न-लग्न काऊन सांगून राह्यली होती?’’

 मीठ होतं तिथे एक देतो आणि दुसरा घेतो, तो बंध वेगळा. इथे दोघं मिळून ठेवतात, हा बंध वेगळा. पुस्तकात दोन वेगळे मथळे होते, दोन वेगळी नावं होती आणि मला दोन्ही नावं शुद्धलेखनासह येत होती. फरक काय ते मला त्या मोहाखाली, बाईकडून कळलं. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती म्हणाली, ‘‘फुलं चेंदरून राह्यली तू,’’ आणि मला बाजूला सारलं. परत येताना तिने टोपली डोक्यावर घेतली आणि मी वाटभर तिला हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन विचारत आले. ऑक्सिजनचे दोन-दोन बैल. नायट्रोजनचे तीन-तीन. ‘‘मोठे शेतकरी हायेत,’’ ती म्हणाली.

पेपर आमच्याच शाळेत होता. ती दुसऱ्या खोलीत, मी पहिल्या. प्रश्नपत्रिका हातात आली आणि मी आधी तोच प्रश्न शोधला. होता. क्लोरीनच्या रेणूची निर्मिती आकृतीसह स्पष्ट करा. मी माझा पेपर लिहायचा सोडून भिंतीकडे बघून हसले, तेव्हा पर्यवेक्षकांनी मला पुढच्या बाकावर आणून बसवलं.

पेपर सुटल्यावर बाई हापशीपाशी उभी होती. बोटांना शाई लागलेली.

‘‘लिवलं?’’ मी विचारलं.

‘‘लिवलं. साझा नाई लिवला, सामाईक जोडी लिवली, तुया पुस्तकासारखी. चित्रबी काढलं.’’ मग जरा थांबून, ‘‘फक्त मधल्या दोन टिंबायले शिंगं निघून गेली.’’

‘‘शिंगं?’’

‘‘हातातून निघून गेली. बैलाचाच विचार करून राह्यली होती मी.’’

‘‘मंग खोडली काऊन नाई?’’

‘‘चांगली दिसून राह्यली होती,’’ बाई म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. बोर्डाच्या पेपरात, इलेक्ट्रॉनला शिंगं. पुढचे तीन महिने मी तो पेपर तपासणारे सर डोळ्यांसमोर आणत राहिले. कधी ते हसायचे, कधी लाल रेघ मारायचे.

निकाल जूनमध्ये लागला. माझा शाळेत पहिला नंबर आला आणि विज्ञानात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. घरात कुणी विचारलेसुद्धा नाहीत, कारण सगळे बाईची मार्कशीट बघत होते. बाई पास होती. पासिंगला जेवढे लागतात त्याहून फक्त एक मार्क जास्त. अब्बांनी ती मार्कशीट दोनदा उलटीसुलटी करून पाहिली, न जाणो मागेही काही लिहिलेलं असेल. मी लगेच हिशेब केला की क्लोरीनच्या प्रश्नाचे मार्क गेले असते तर ती नापास झाली असती. म्हणजे त्या सरांनी शिंगांसकट मार्क दिले होते. बाईचं म्हणणं मात्र वेगळं होतं आणि अजूनही आहे. ती म्हणते, मार्क शिंगांचेच मिळाले.

जुलैत ती सेविका झाली. मी पाहायला गेले तेव्हा खुर्चीवर हजेरीचं रजिस्टर ठेवलेलं होतं आणि बाई खाली पोरांत बसून गोंडीत काहीतरी सांगत होती. एकही पोर रडत नव्हतं. मी दारातूनच परत आले, कारण रडायची वेळ माझी होती.

पण निकालाच्या दिवसाचं एक राहिलं. त्या संध्याकाळी बाई घरात आली. अम्मीसाठी तिने पानाच्या द्रोणात चारोळी आणली होती. मला तिने कागदाची एक छोटी पुडी दिली. मला वाटलं, काहीतरी गोड असेल. उघडली तर साधं मीठ, बाजारात मिळतं ते.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘तुया घरचा एक, माया घरचा एक,’’ बाई म्हणाली. ‘‘सोडियम अन् क्लोरीन.’’

मी ती पुडी वह्यांच्या कपाटात जपून ठेवायचं ठरवलं आणि तोंड धुवायला आंगणात गेले. परत आले तर पुडी जागेवर नव्हती. अम्मीने वरणात टाकली होती. घरातलं मीठ संपलेलं होतं आणि तिला समोर मीठ दिसलं. मी असा आरडाओरडा केला की अब्बा मशीन सोडून धावत आले. बाई मात्र हसत सुटली. ‘‘मीठ खायासाठीच असते वो पोट्टी,’’ ती म्हणाली आणि आमच्यात जेवायला बसली. ते वरण त्या दिवशी आम्ही चौघांनी खाल्लं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, म्हणून शाळेत सरांना जे सांगितलं नव्हतं ते आज इथे लिहिते आहे. ती पद्धत माझी नव्हती, बाईची होती.